डावी सीट

आमच्या तलावावर नियम लिहून ठेवलेले नाहीत, पण एक नियम सगळ्यांना पाठ आहे. बास मासा पकडायच्या बोटीत दोन सीट असतात. उजवीकडे चालवणारा बसतो, डावीकडे दुसरा. डावीकडच्याने बोलायचं नाही. म्हणजे हवापाणी, मासे, चर्चमधल्या भानगडी यांवर वाटेल तितकं बोला; बोट कशी चालली आहे यावर मात्र अवाक्षर काढायचं नाही. स्पर्धेत चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात, अनोळखी माणूस अनोळखी माणसाच्या बोटीत बसतो, त्यातून ही रीत पडली असावी. बोट त्याची, पेट्रोल त्याचं, मर्जी त्याची. आमच्या चर्चमधल्या व्हर्जिल पूलचं अशा एका स्पर्धेत माकडहाड मोडलं. किनाऱ्यावर उतरून तो बोटवाल्याला म्हणाला, "मजा आली, थोडं गार होतं," आणि गाडीच्या मागच्या सीटवर पालथा पडून घरी गेला. ही गोष्ट आमच्याकडे अजून कौतुकाने सांगतात. त्यात कौतुक करण्यासारखं काय आहे ते मला कधी कळलं नाही, पण तोंडावर बोट ठेवायला मीही शिकले होते.

माझे वडील हॉलिस अम्फ्री. मिस्टर रॉइस टॅकेट यांच्या कारखान्यातली प्रत्येक नवी बोट ते पाण्यात काढून बघायचे. ती किती पळते, वळणावर कशी वागते, लाटेवर माणसाची हाडं किती खिळखिळी करते, हे सगळं बघून ते एकच शब्द बोलायचे: "सोडा", म्हणजे बाजारात सोडा, किंवा "नको." रॉइस त्या शब्दाबाहेर जात नसत. अलाबामातल्या आमच्या कोपऱ्यात एवढासा कारखाना टिकला तो त्यामुळेच. डाव्या सीटवर मी असायची. वजनाला आणि वेगाच्या काट्याकडे बघायला कोणीतरी लागतंच, आणि मी शाळेची बस चालवते म्हणून सुट्ट्या मला भरपूर.

मग डॅडींची पाठ गेली. इतकी वर्षं लाटांचे दणके खाऊन मणके एकमेकांवर बसले होते. वसंतात ऑपरेशन झालं, आत स्क्रू घातले आणि डॉक्टरांनी बोट बंद म्हणून सांगितलं. उन्हाळाभर डॅडी पोर्चवर बसून होते. आयुष्यात कोणाला उणा शब्द न बोललेला माणूस बिस्किटं करपली म्हणून ममावर ओरडायला लागला. ममा त्यांच्या बुटाची नाडी बांधायची तेव्हा ते भिंतीकडे बघत राहायचे. दुखतंय असं मात्र त्यांनी एकदाही म्हटलं नाही. मला त्यांची दया यायची, आणि दया आलेली त्यांना कळेल याची भीती त्याहून जास्त वाटायची.

रॉइसनी ती सीट बनवली ती डॅडींसाठीच. लांब पल्ल्याच्या ट्रकला असते तशी, खाली हवेची पिशवी आणि स्प्रिंगा असलेली. मग त्यांच्या मनात आलं, पाठ धरून बसलेले म्हातारे या देशात काय थोडे आहेत? नव्या बोटीला हीच सीट लावायची असं त्यांनी ठरवून टाकलं. पहिली बोट न्यायला शनिवारी बर्मिंगहॅमहून गिऱ्हाईक येणार होतं, नातवंडांना बरोबर घेऊन. उरला होता फक्त डॅडींचा शब्द.

थँक्सगिव्हिंगची सुट्टी लागली आणि आम्ही बोट पाण्यात काढली. हिवाळ्यासाठी तलावाचं पाणी उतरवलं होतं. काठाला चिखल उघडा पडला होता आणि धरण बांधलं तेव्हा तोडलेल्या झाडांचे खुंट त्या चिखलातून वर आले होते. वारा नव्हता. पाणी इतकं गप्प होतं की बोटी पाण्यात सोडायच्या रॅम्पवर बोलायचं तरी आवाज आपोआप खाली यायचा. दुसरी एकही बोट नव्हती.

"बस ना आता. नवरीकडे बघितल्यासारखा काय बघतोयस?" रॉइस डॅडींना म्हणाले.

डॅडी बोटीच्या काठाचा आधार घेत उतरले आणि बसले. सीट हुश्श करून थोडी खाली गेली. त्यांच्या कपाळावर गेले कितीतरी महिने एक आठी होती. ती झोपेतही जात नाही असं ममा म्हणायची. ती गेली. माझ्या डोळ्यांदेखत गेली.

"कसं वाटतंय?"

"चर्चला दे असल्या चार. प्रवचनातून कोणी उठायचं नाही."

"तू उठतोस कधी? तुला तर हलवून उठवावं लागतं." रॉइस माझ्याकडे वळले. "मिस मार्वा, तुमची सीट जुनीच आहे हं. गिऱ्हाईक उजवीकडे बसतं, काय करणार."

"माझं काय, मी सामान आहे," मी म्हणाले आणि बसले.

माणूस पाण्यात पडला तर इंजिन बंद पाडणारी दोरी डॅडींनी जॅकेटला अडकवली, वेगाच्या पेडलवर पाय ठेवला आणि आम्ही निघालो. बोट पहिल्याच झटक्यात पाण्यावर आली. वळणं घेतली, ती तिने अंग न चोरता घेतली. मुख्य पात्रात कोळशाचे तराफे ढकलत एक मोठी बोट चालली होती. तिच्या मागे उठणाऱ्या लाटा म्हणजे आमच्याकडची आरामाची परीक्षा. डॅडी मुद्दाम त्यांच्यावर आडवे गेले. पहिल्या लाटेला माझे दात एकमेकांवर आपटले. दुसरीला मी सीटवरून उचलले गेले आणि अशी खाली आले की डोळ्यांत पाणी आलं. आणि डॅडी? डॅडी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाची टर्की तळण्याबद्दल बोलत होते.

"तेल गरम झालं की नाही हे तुझ्या नवऱ्याला कळत नाही. मागच्या वर्षी बाहेरून कोळसा आणि आत बर्फ. या वर्षी मी तळणार."

"तुम्ही उभे राहणार तेवढा वेळ?"

"राहीन की. बघतेयस ना? काही होत नाहीये मला." ते थांबले. "आराम दहापैकी अकरा. तुझ्या सीटचं काय?"

"दगड आहे."

"तुझ्या सीटला गिऱ्हाईक नसतं, पोरी."

ते हसले, मीही हसले. इतक्या महिन्यांनी ते हसत होते. माझ्या माकडहाडाची फिकीर कोणाला होती?

मग वेगाची पाळी आली. तलावाचा सगळ्यात लांब, सरळ पट्टा समोर होता. डॅडींनी बोटीच्या मागे टांगलेल्या इंजिनाची मान हळूहळू वर उचलली, तसं बोटीचं नाक वर आलं आणि काटा पुढे सरकायला लागला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वेग फार वाढला की बोटीचं जवळजवळ सगळं अंग पाण्याबाहेर येतं आणि ती मागच्या वीतभर पट्टीवर तोल सांभाळत पळते. मग कधी ती उजव्या कुशीवर टेकते, कधी डाव्या. एक पाऊल, दुसरं पाऊल. आमच्याकडे म्हणतात, बोट चालायला लागली. ऐकायला गोड वाटतं, तान्हं मूल चालायला लागल्यासारखं. पण तिचं प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा मोठं असतं. वेळेत पाय उचलला नाही तर एखाद्या पावलाला ती पाण्यात कड रोवते आणि आतल्यांना भिरकावून देते. पहिलं पाऊल डोळ्यांना दिसत नाही. ते फक्त बुडाला कळतं. डॅडींना ते इतक्या लवकर कळायचं की मला जाणवायच्या आत त्यांचा पाय वर आलेला असायचा.

त्या दिवशी मला पहिलं पाऊल जाणवलं. मी पायाची वाट पाहिली. दुसरं आलं. तिसऱ्याला माझी कंबर बोटीच्या काठावर आदळली. डॅडींचा पाय होता तिथेच होता. चेहरा असा निवांत, जणू आगगाडीच्या खिडकीत बसले आहेत. चौथ्या पावलाला बोटीचं नाक डोळ्यांना दिसेल इतकं डोललं, तेव्हा कुठे त्यांनी वेग कमी केला.

"लोणी आहे लोणी," ते म्हणाले.

मी नियमाच्या अगदी काठावर जाऊन विचारलं, "चालली का हो थोडी?"

"कोण?"

"बोट."

"माझ्या बुडाला विचार. इतकी वर्षं तेच सांगत आलंय." मग त्यांनी माझ्याकडे बारकाईने पाहिलं. "भ्यालीस?"

अम्फ्रींच्या पोरीला हा प्रश्न विचारला की उत्तर एकच असतं. "नाही," मी म्हणाले. काय मूर्खपणा असतो माणसाचा.

दुसऱ्या फेरीला त्यांनी इंजिन आणखी वर घेतलं. पुढे दूरवर काळ्या पाणपक्ष्यांचा थवा पाण्यावर पसरला होता. बोट चालायला लागली आणि या खेपेला माझ्या अंगाखाली जणू कोणी फळी आपटत होतं, डावी, उजवी, डावी. मी दोन्ही हातांनी सीटसमोरची मूठ धरली. क्षितिज एकीकडे कलायचं, मग दुसरीकडे. इंजिनाच्या आवाजातून मला दुसरा एक आवाज ऐकू आला आणि मी मान वळवली. डॅडी गुणगुणत होते. रविवारचं भजन गुणगुणत होते आणि त्यांची सीट त्यांना मऊ मऊ वर-खाली झुलवत होती. त्या क्षणी मला सगळं कळलं. ती सीट फक्त दणके गिळत नव्हती. ती पावलंही गिळत होती.

पक्षी उडाले. डॅडींचं लक्ष तिकडे गेलं आणि पाय सैल पडला म्हणून आम्ही वाचलो. बोट घसरत गेली, तिरकी झाली आणि थांबली. डाव्या बाजूला, फार लांब नाही, खुंटांची रांग होती.

"वारा उठला वाटतं," डॅडी म्हणाले. "एक झोत आला बघ आडवा."

वारा उठला होता हे खरं. उत्तरेकडून पाण्यावर काळपट पट्टे सरकत येत होते. पण तो झोत नव्हता.

"अजून एक फेरी," ते म्हणाले. "अजून थोडं नाक उचलू दे. हिच्यात दम आहे."

सांगायचं होतं. आत्ता. दोन वाक्यं होती फक्त. पण त्यांच्या कपाळाकडे पाहिलं आणि ती दोन वाक्यं तशीच राहिली. सांगणं म्हणजे पुन्हा तो पोर्च, ती खुर्ची, तो भिंतीकडे वळलेला चेहरा. आणि डाव्या सीटवरून सांगितलेलं त्यांनी ऐकलं असतं का, हाही प्रश्न होताच. मग मला युक्ती सुचली. मी न सांगता त्यांना कळेल अशी.

"डॅडी, एकदा मला चालवू द्या ना."

ते इतके खूश झाले की मला लाज वाटली. "कधीची वाट बघतोय मी. ये. आरामात कर. पाय एकदम उचलायचा नाही, एवढं ध्यानात ठेव. एकदम उचललास की ती पाण्याला चावते, कड रोवते."

"येस सर."

त्यांना उठायला वेळ लागला. डाव्या सीटवर बसताना त्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा आठी पुन्हा जागेवर होती. मी दोरी जॅकेटला लावली. माझा विचार सोपा होता. पहिलं पाऊल पडलं की ते त्यांना दगडावर जाणवेल, ते काय समजायचं ते समजतील, आणि मी तर सावध आहेच, मी लगेच पाय उचलेन.

बोट पळायला लागली. ती सीट कशी आहे हे कसं सांगू? बसच्या सीटवर माझा जन्म गेला, पण असलं सुख नव्हतं. गार वारा, लखलखणारं पाणी, आणि खाली काही नाहीच. काटा साठ मैलांच्या पुढे गेला. मी पहिल्या पावलाची वाट पाहत होते. ते येत नव्हतं. मी इंजिन थोडं वर घेतलं. काटा सत्तरला टेकला. तरी नाही. वाटलं, खरंच वाऱ्याचा झोत असेल मघाशी. वाटलं, मीच भित्री. इतकं हलकं वाटत होतं की हसू आलं. आता डॅडींना काही सोडावं लागणार नाही, टर्कीही तेच तळतील. हे सांगावं म्हणून मी डावीकडे पाहिलं.

डॅडींची टोपी उडाली होती. दोन्ही हातांनी मूठ धरून ते एकदा काठावर आदळत होते, एकदा माझ्याकडे फेकले जात होते, पुन्हा काठावर. सगळं अंग ताठ. ओठ घट्ट मिटलेले, आणि हनुवटीवर रक्त. नजर समोर. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

आणि मला काहीही जाणवत नव्हतं. शपथेवर सांगते, काहीही नाही.

पाय एकदम उचलावा असं सगळं अंग सांगत होतं. मी तो हळू उचलला. जन्मात इतकं अवघड काम मी केलं नाही. नाक डावीकडे ओढलं गेलं, पाण्याचा पडदा आमच्यावरून गेला, बोट अर्धी फिरली आणि थांबली. मागून आमचीच लाट आली आणि आम्हाला उचलून पुढे गेली.

"चांगली चालवलीस," डॅडी म्हणाले. त्यांनी ओठ चावून घेतला होता.

"कधीपासून चालत होती?"

ते पाण्याकडे बघत राहिले.

"डॅडी, कधीपासून?"

"डावीकडचा बोलत नाही, मार्वा."

"मी उजवीकडे आहे. बोट माझ्या हातात आहे आणि मी विचारतेय."

"पक्षी होते तिथपासून," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मघाशी, मी चालवत होतो तेव्हा? तशीच?"

"तशीच. दोन्ही वेळा."

"तू बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

"वा," ते म्हणाले. "मेलो असतो की आपण, अगदी शिस्तीत." त्यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि कोणी हसलंही नाही. त्यांचा राग येत होता, माझा येत होता आणि त्या व्हर्जिल पूलचासुद्धा येत होता.

"मिस्टर रॉइसना सांगू, सीट थोडी कडक करा," मी म्हणाले. "पाऊल कळेल एवढीच."

"पाऊल कळेल एवढी कडक केली की माझ्या पाठीलाही कळेल." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. म्हणजे ती सीट मऊ असेल तर ते मरणार होते आणि कडक असेल तर ते बसू शकणार नव्हते. मधलं काही नव्हतं. "त्याला सांगायचं, नको. शनिवारच्या माणसालाही नको. पोरं आहेत त्याच्याबरोबर."

वारा आता चांगलाच वाढला होता. रॅम्प पलीकडच्या काठाला, आणि मधलं सगळं उघडं पाणी पांढरं व्हायला लागलं होतं. डाव्या सीटवर बसून त्यांनी ते पार करायचं म्हणजे काय होईल ते मला दिसत होतं. मी उठायला लागले.

"तुम्ही या इकडे. सावकाश चालवत न्या, वेग नाही घ्यायचा."

"नको. मला तिथे बसवू नकोस." त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "तिथे बसलो की मी बरा झालोय असं वाटतं मला. बरा झालेला माणूस सावकाश नाही चालवत."

मी इंजिन सुरू केलं. पहिल्या लाटा आल्या आणि माझ्या खाली पुन्हा तेच, मऊ मऊ. लाट केवढी आहे, पाय किती दाबायचा, काही कळेना. कळायचं एकच साधन होतं. मी डॅडींच्या तोंडाकडे बघत चालवायला लागले. पण ते तोंड त्यांनी आयुष्यभर कोरं ठेवलं होतं. एक लाट लागली, त्यांचे खांदे कानांपर्यंत गेले, चेहरा कोरा. दुसरी लागली, गालावरून घाम ओघळला, चेहरा कोरा.

"डॅडी, मला लाट कळत नाहीये. तुम्ही बोला."

ते समोर बघत होते. तिसरी लाट मोठी होती. माझी सीट अलगद खाली गेली आणि अलगद वर आली. त्यांच्या तोंडून काहीतरी निघालं ते वाऱ्यात विरलं.

"काय म्हणालात?"

"हळू," ते म्हणाले.

मी पाय उचलला.

"अजून हळू."

मी आणखी उचलला. बोटीचं नाक खाली बसलं आणि पाणी पुढून आत यायला लागलं. आता मोठ्या लाटा आम्हाला गाठत होत्या, एकामागून एक, आणि पलीकडचा काठ होता तिथेच होता. रॅम्पवर रॉइस दोन्ही हात वर करून हलवत होते. इतक्या लांबून त्यांना आम्ही मजेत येतोय असंच दिसत असणार.

"डॅडी, बोलत राहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपाळावरची आठी, फुटलेला ओठ, सगळा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला होता आणि ते तो लपवत नव्हते.

"दुखतंय गं, मार्वा," ते म्हणाले. "फार दुखतंय."